केळीचा चीक आणि अक्काची माडी

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, लाकडी जमिनीवर चिकटपट्टीचा चिकटा उरला आहे, तो कसा काढायचा. उत्तर मला माहीत आहे, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः दुसऱ्याची जमीन खराब केली होती. मी टापटिपीची म्हणून घरात प्रसिद्ध, त्यामुळे हे सांगायला जरा जड जातं.

धुळ्याला तुमच्या आजोबांची थोरली बहीण राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. तिची माडी सागवानी फळ्यांची. तिच्या यजमानांनी सुताराबरोबर मांडी घालून बसून एकेक फळी बसवली होती. ते गेल्यानंतर तिचा मुलगा टाइल्ससाठी मागे लागला. तो नाशिकला असतो. "आई, लाकडाची कटकट कशाला? फटी पुसायच्या, वाळवी बघायची, तुझं वय काय!" अक्का ऐकेना. शेवटी ठरलं, की त्याने रविवारी येऊन जमीन पाहायची. खराब वाटली तर सोमवारी मिस्त्री येणार.

त्याच आठवड्यात गुरुवारी अक्काकडे सत्यनारायण होता. चौरंगाला बांधायचे केळीचे चार खुंट मी आमच्या शेतातून नेले. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "आजी, झाडांचंही तिकीट काढा, ती तुमच्यापेक्षा उंच आहेत." एरंडोल येईपर्यंत अख्खी गाडी हसत होती.

केळीच्या बागेत आम्ही जुनेच कपडे घालतो. चिकाचा डाग मरेपर्यंत जात नाही, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. पण जळगावच्या घरी आमची फरशी, पाणी ओतलं की स्वच्छ. लाकडाचा विचारच मनात आला नाही. ताजे कापलेले खुंट मी तसेच फळ्यांवर उभे केले. शिवाय रांगोळीची पूड फटीत जाईल म्हणून, मोठ्या शहाणपणाने, तयार रांगोळीचे स्टिकर आणून चौरंगाभोवती चिकटवले.

शुक्रवारी सकाळी सगळं उचललं. खुंटांच्या जागी चार काळपट वर्तुळं, आणि स्टिकर निघाले तरी त्यांचा गोंद तिथेच. अक्का खाली दळण निवडत होती. तिला कळायच्या आत निपटावं म्हणून मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घातला आणि ब्रशने घासायला बसले. वर्तुळं आणखी काळी झाली. गोंदावर कचरा बसून तो करडा पडला. जिन्यावर पावलं वाजली.

"काय करी ऱ्हायनी वं? लाकूड शे ते, धुणं नई!"

अक्का चिडली की अहिराणीत बोलते. मी सगळं सांगून टाकलं. ती आणखी रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त खाटेवर बसली आणि म्हणाली, "परवा रविवार शे."

मग गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. आबा म्हणतात त्याला. मी शिक्षिका होते हे त्याला ठाऊक होतं. त्याने वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, तुम्ही शाळेत काय शिकवायच्या?"

"इंग्रजी."

"तरीच. सागाला सोडा लावू नये, हे त्यात येत नसेल."

गोंदावर त्याने शेंगदाण्याचं तेल चोळायला सांगितलं. तासाभराने तो मऊ पडला. माझ्या प्लास्टिकच्या फूटपट्टीने तो हळूहळू खरवडला आणि कोरड्या फडक्याने पुसला. नखाने किंवा सुरीने खरवडलंत तर ओरखडा राहतो. काळ्या वर्तुळांवर लिंबाचा रस लावून, ओल्या फडक्याने लगेच टिपून, जागा दिवसभर पंख्याखाली वाळवली. शनिवारी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासला. आडवा एकदाही नाही. शेवटी जवसाच्या तेलाचा हात. आम्ही दोघी आलटूनपालटून बसत होतो. एकीचे गुडघे दुखले की दुसरी. तीन वर्तुळं फिकट चहासारखी झाली. खिडकीजवळचं चौथं हटेना.

रविवारी मी खाट त्यावर ओढू लागले. अक्काने माझा हात धरला. "झाकू नको. त्याला पाहायचंय ना? पाहू दे."

मुलगा आला तो थेट त्या डागापाशीच उकिडवा बसला. "हे काय, मामी?"

"माझा पराक्रम," मी म्हटलं आणि खुंटांपासून सोड्यापर्यंत सगळं सांगितलं.

तो हसत सुटला. "तुमच्या फरशीवर पायांचे ठसे उमटले म्हणून तुम्ही आम्हाला अंगणात उभं करायच्या, आठवतं? आता तुम्ही व्हा उभ्या!" मग बाकीच्या जागेवरून तळहात फिरवत म्हणाला, "इथेही होते डाग?"

"तीन," अक्का म्हणाली. "शोध."

त्याला दोनच सापडले. तिसरा अक्काने बोट ठेवून दाखवला. मग त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पॉलिश पेपर मागितला. अर्ध्या तासाने घाम पुसत म्हणाला, "आई, हे माझ्याने आज पुरं होत नाही. पुढच्या रविवारी येतो. उद्या मिस्त्रीला फक्त मोरी दाखव."

"मोरीत टाक तुला हव्या तेवढ्या टाइल्स," अक्का म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "चल, चहा टाकू. आणि तुझा कप माडीवर आणू नको, तू खालीच बसून पी."