पट्टी बंद पडली त्या दुपारी

कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीकडं निघालं की डाव्या अंगाला जिनपाल मगदूमची रसवंती आहे. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, एक चरक आणि मागं त्याच्याच वावरातला ऊस. मी कागलहून निपाणीला शाळेवर जातो, आणि नोकरी लागल्यापासून तिथं थांबायची सवय आहे. जिनपाल माझ्याच वयाचा, म्हणून मी त्याला एकेरी बोलतो. तो मला सर म्हणतो.

रसवंती खरं तर त्याच्या बायकोची, प्रणितावहिनींची होती. जिनपाल ऊस सोलायचा, चरकात घालायचा, चिपाडं मागं फेकायचा. गिऱ्हाईक वहिनींचं. येणारा कानडी बोलणार की मराठी, की हिंदीतच बोलायला लागणार, हे तो गाडीतून उतरायच्या आधीच त्यांना कळायचं. कुणाला बर्फ नको, कुणाला आलं जास्त, कुणाच्या पोरीचं लग्न ठरतंय, सगळं त्यांना ठाऊक. सुट्टे नसले तर "परत येताना द्या" म्हणायच्या आणि विसरून जायच्या. जिनपाल यात कुठंच नसायचा. तो चरकापाशी उभा असायचा, आणि वहिनी हसल्या की तोही थोडा हसायचा.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर वहिनी ग्लास विसळता विसळता खाली बसल्या. डोक्यातली शीर फुटली होती. बेळगावच्या दवाखान्यात नेलं, पण त्या परत बोलल्या नाहीत.

बारावं-तेरावं आटोपून जिनपालनं रसवंती उघडली तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. भाऊबंदांत कुजबूज होती की हा रडला नाही. मीही त्याच्याकडं बघत बसलो. तो नेहमीसारखा ऊस सोलत होता. माझा रस त्यानं पुढं ठेवला, त्यात लिंबू नव्हतं. वहिनी न विचारता पिळायच्या. मी तसाच प्यालो.

त्यांची एकुलती मुलगी ब्राह्मी बेळगावात बीसीएला आहे. तिनं सुट्टीत येऊन गल्ल्यावर क्यूआरचा बोर्ड लावला आणि पैसे जमा झाले की मोठ्यानं सांगणारा डबा आणून ठेवला. लोक यायचे, पिऊन मोबाईल धरायचे, डबा बोलायचा, लोक जायचे. जिनपालला मान वर करायचीही गरज उरली नाही. ब्राह्मीला वाटलं, आप्पांची सोय झाली. सोय झालीच होती. मला मात्र तिथं थांबणं हळूहळू जड व्हायला लागलं, आणि खरं सांगायचं तर मी आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळीच थांबू लागलो.

फेब्रुवारीत बेळगुंदीच्या माळावर मोठा संगीत महोत्सव ठरला. बंगळूरची कुठली तरी कंपनी, दोन दिवस, मोठमोठे बँड, हुबळी-कोल्हापूरपासून पोरं येणार. ब्राह्मीच्या कॉलेजातली बरीच मुलं तिथं कामाला लागली होती. तिनं परस्पर आप्पांच्या नावानं रसाचा स्टॉल घेतला. आप्पा नाही म्हणतील, भांडतील, असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "बरं." बिअरच्या तंबूशेजारी नको, एवढंच तिनं कंपनीला सांगितलं होतं, तेही घरच्या आजीला काय वाटेल म्हणून. जिनपालनं तेही विचारलं नाही. टेंपोत चरक चढवला, ऊस भरला आणि गेला.

तिथली पैशाची रीत वेगळी होती. रोख चालत नव्हती आणि मोबाईलनंही द्यायचे नव्हते. गेटवर पैसे भरले की मनगटावर एक कापडी पट्टी बांधायचे, तिच्यात चिप. पाणी असो, बिअर असो, रस असो, स्टॉलवरच्या मशीनला मनगट टेकवायचं, टिक वाजलं की पैसे कापले. पट्टी एकदा बांधली की कापल्याशिवाय निघत नव्हती. गेटवर बाटल्या काढून घेत होते, आत प्यायचं ते पट्टीवर. पाण्याचा एक फुकटचा टँकर होता, पण तो पार पार्किंगच्या टोकाला.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. ब्राह्मी मशीन धरायची, जिनपाल चरक चालवायचा. लोक कानात गाणं घेऊन यायचे, मनगट टेकवायचे, ग्लास घेऊन जायचे. कुणी किंमतसुद्धा विचारत नव्हतं. ब्राह्मी मला नंतर म्हणाली, "आप्पांना ते लई आवडलं असं वाटलं मला. घरच्या डब्यापेक्षा बी बरं. तो डबा बोलतो, हे नुसतं टिक वाजतं."

उन्हं ऐन भरात असताना मशीन अडकलं. टिक वाजेना, पडद्यावर नुसतं एक चाक फिरत राहिलं. शेजारच्या पाण्याच्या स्टॉलचंही तसंच, आणि थोड्या वेळात कळलं की सगळ्या माळावरचं बंद आहे. मोबाईलची रेंजही इतक्या माणसांनी बसवून टाकली होती. लोकांच्या मनगटावर पैसे होते, समोर पाणी होतं, आणि मधलं यंत्र मेलं होतं. पाण्याचा स्टॉलवाला हात बांधून उभा राहिला. पट्टी टेकवल्याशिवाय एक थेंब द्यायचा नाही, दिला तर दंड, असं करारात होतं. टँकर तासाभरात रिकामा झाल्याची बातमी आली. माळावर सावली म्हणून नव्हती.

जिनपालपुढं रांग तशीच उभी होती. रांगेतली एक मुलगी अचानक खाली बसली. तोंड पांढरं पडलेलं. तिच्या मैत्रिणीनं हात जोडून विचारलं, "काका, हिला तरी द्या. पट्टी चालली की टेकवते मी." जिनपालनं भरलेला ग्लास उचलून दिला. मग मागच्याचा हात पुढं आला. त्याच्या हातातही दिला. मग त्याच्या मागच्याच्या.

ब्राह्मीला वाटलं, आप्पांनी ठरवून केलं. मी नंतर जिनपालला विचारलं, तर तो म्हणाला की ठरवलं वगैरे काही नाही. हात पुढं येत होता म्हणून देत गेलो. नाही म्हणायला आत जे काही लागतं, ते त्याच्याजवळ त्या दिवसांत नव्हतंच. हो म्हणायलाही नव्हतं. चरक चालू होता आणि ऊस होता.

साईराज नावाचा बेळगावच्या शहापूरचा तरुण त्या भागाचा सुपरवायझर होता. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी, घामानं निथळत तो पळत आला. अण्णा, असं देता येत नाही, कंपनी तुमचं पेमेंट अडवेल, माझीही नोकरी जाईल, असं तो एका दमात बोलला. तो वाईट पोरगा नव्हता, पण सकाळपासून सगळ्यांच्या शिव्या खात होता.

जिनपालनं हातातला ऊस चरकात घातला आणि मान वर न करता विचारलं, "मग काय करू? बंद करू?"

साईराज रांगेकडं बघत राहिला. ती मुलगी अजून जमिनीवरच बसून घोट घोट पीत होती. वॉकीटॉकीत कुणीतरी त्याच्या नावानं ओरडत होतं, तिकडं तो निघून गेला.

मग लोकांनीच सुरू केलं. फुकट घ्यायला त्यांना बरं वाटेना. पैसे तर कुणाजवळच नव्हते, पाकिटं गाडीत राहिलेली. कुणी चिक्की पुढं केली, कुणी डोक्यावरची टोपी. एक पोरगा कानातले बुंदे काढायला लागला, तेव्हा ब्राह्मी त्याला रागावली. मशीन चालू होतं तोवर आप्पांच्या तोंडाकडं कुणी बघितलं नव्हतं. आता प्रत्येक जण बघत होता, नाव विचारत होता, गाव विचारत होता. जिनपाल नुसता "कोगनोळी" म्हणायचा आणि ग्लास द्यायचा.

रांगेत एक पन्नाशीचा माणूस आला, मनगटावर पट्टी नसलेला. तो यल्लाप्पा, हुबळीचा ड्रायव्हर. साऊंडचं सामान घेऊन त्याचाच ट्रक आला होता, आणि एरवी हायवेवर कोगनोळीला थांबल्याशिवाय तो कधी पुढं जायचा नाही. त्यानं जिनपालला ओळखलं आणि एकदम हसला. इकडं तिकडं बघून म्हणाला, "आक्का कुठं ओ? लिंबू कोण पिळनार?"

हा प्रश्न जिनपालला हायवेवर अनेकांनी विचारला होता. ब्राह्मीला त्याचं उत्तर पाठ होतं, सुट्टीत रसवंतीवर असली आणि ते कानावर आलं की ती दर वेळी मागं निघून जायची. घरात हाय, असं तो सांगायचा. इतके महिने तो सगळ्या ड्रायव्हरांना हेच सांगत आला होता, आणि ते बरं म्हणून जायचे.

त्या दिवशी त्यानं चरक थांबवला. यल्लाप्पाकडं बघितलं आणि कानडीत सांगितलं, आक्का गेली. दिवाळीच्या आधीच गेली. ब्राह्मी मला सांगत होती, घरी आम्ही मराठी बोलतो, पण आई गेली हे वाक्य आप्पांनी मराठीत कधी उच्चारलंच नव्हतं, ते कानडीतून आलं.

यल्लाप्पानं ग्लास खाली ठेवला. स्टॉलच्या फळीला वळसा घालून आत आला, बाह्या वर केल्या आणि तुंबलेली चिपाडं ओढून मागं टाकायला लागला. टोपलीत लिंबं होती, ती कापून ग्लासाग्लासात पिळायला लागला. रांग वाट बघत होती, तिला काय झालं ते कळलं नव्हतं. जिनपालनं चरक पुन्हा सुरू केला. ऊस संपेस्तोवर दोघं तसेच काम करत राहिले.

दिवस मावळल्यावर पट्ट्या चालू झाल्या. जिनपालकडं तेव्हा विकायला काही नव्हतं. जैन असल्यानं मावळल्यावर तो जेवत नाही, त्यामुळं ब्राह्मीनं आणलेला जेवणाचा डबा तसाच राहिला. टेंपोत बसल्यावर ती म्हणाली, "आप्पा, आज आपली आखाती झाली की ओ."

अक्षय तृतीयेला त्यांच्यात उसाच्या रसाचं मोठेपण. आदिनाथ भगवंतांनी वर्षाचा उपवास रसानं सोडला तो दिवस. प्रणितावहिनी त्या दिवशी हायवेवरच्या प्रत्येकाला रस फुकट द्यायच्या, कुणाची जात-गाव न विचारता.

"ते येगळं," जिनपाल म्हणाला. "तिला द्यायचं असायचं. हितं मशीन बंद पडलं म्हणून."

ब्राह्मी मग रडली. खूप दिवसांचं रडली. तो गाडी चालवत होता. नाक्यापाशी ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा त्यानं डावा हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि रांग हलली तसा परत गिअरवर नेला.

रात्रीत ऊस तोडून, टेंपो भरून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. मशीन नीट चालू होतं. आदल्या दिवशीचे लोक शोधत आले. एक ग्लास घ्यायचे आणि म्हणायचे, कालचे धरून कापा. चक्कर आलेली मुलगी मैत्रिणींचा घोळका घेऊन आली आणि तिनं सगळ्यांच्या पट्ट्या टेकवायला लावल्या. सगळेच आले नाहीत, तशी अपेक्षाही नव्हती. कंपनीनं नंतर हिशेबात दंड कापला तो कापलाच. साईराजनं फोन करून माफी मागितली, त्याचा त्यात काही हात नव्हता तरी. ब्राह्मी कंपनीला मेल लिहायला बसली होती. जिनपाल म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं."

या सगळ्याला दोन महिने झाले. यल्लाप्पा पहिल्यासारखाच येता-जाता थांबतो. बाकड्यावर बसतो, स्वतःचं लिंबू स्वतः पिळतो, डबा बोलला की उठून ट्रककडं जातो. त्यांच्यात फारसं बोलणं होत नाही. मीही पुन्हा रोज थांबायला लागलो आहे.

परवा गर्दी नव्हती. मी जिनपालला विचारलं, "आता जरा बरं वाटतंय का रं?"

त्यानं प्रश्नाचा खरोखर विचार केला. कोयता हातात तसाच धरून रस्त्याकडं बघत राहिला.

"काय सांगू सर," तो म्हणाला, "अजून काय कळंना."

मग पुढचा ऊस घेऊन सोलायला लागला.