खालचा आवाज

बोलता बोलता तो एकदम हात वर करायचा आणि म्हणायचा, "थांबा." समोरचा थांबला की मान तिरकी करून जवळच्या भिंतीला, पिंपाला, दुधाच्या कॅनला तळहात लावायचा आणि विचारायचा, "खालचा आला का?" काय आलं, कुठून आलं, समोरच्याला काही कळायचं नाही. तुमच्याही गावात असा एखादा असेल. तो तुमच्या भिंतीला भिंत लावून राहत नसेल, तर तुम्ही सुखी आहात.

युसूफ वडगाव नावाचं मोठं गाव आहे, त्याच्या अलीकडे आमचं गाव. गावच्या सहकारी दूध सोसायटीत मी सचिव आणि तो टेस्टर, म्हणजे भाव ठरवायला मशीनवर दुधाची फॅट काढणारा. गाव त्याला टेस्टरच म्हणायचं. सकाळी सोसायटीत आम्ही एका टेबलाशी, आणि घरी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. माझी सुटका कुठेच नव्हती.

त्याच्या घरी स्टिरिओ होता. स्टिरिओ हा शब्द त्याचाच. मंडपवाल्याने टाकून दिलेला अॅम्प्लिफायर, जुन्या बाजारातला टेपडेक आणि दोन माठांच्या तोंडांवर बसवलेले दोन स्पीकर. लाकडी खोकी करून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून माठ. "पैसा न्हाई लागत, सेक्रेटरी," तो म्हणायचा, "कान लागतो." कान त्याचा लागायचा, बाकी सगळं आमचं लागायचं. खोलीत आवाज घुमतो म्हणून त्याने सोसायटीतली पेंडीची रिकामी पोती भिंतींना ठोकली. आवाजाने पत्रे थरथरतात म्हणून पत्र्यांवर धोंडे ठेवले, त्यातला एक आमच्या न्हाणीत येऊन पडला. त्याची बायको मला म्हणाली, "भावजी, ह्या घरात म्हस सोडली तर गोठा समजून बसंल की ओ."

आणि हा सगळा खटाटोप एका कॅसेटसाठी. त्याचे वडील भजनात पखवाज वाजवायचे. कपिलधारला एकदा भजन झालं, तेव्हा कुणीतरी कॅसेट भरून घेतली. पुढे वडील गेले, पखवाजही घरातून गेला, कॅसेट तेवढी राहिली. पण भरताना माइक होता गाणाऱ्याच्या तोंडाशी. त्यामुळे पखवाजाच्या उजव्या बाजूची बोटं टणटण ऐकू यायची, डाव्या बाजूचा जाड, खोल धुमकारा, म्हणजे त्याचा तो 'खालचा', यायचाच नाही. त्या डाव्या बाजूला भिजवलेली कणीक थापावी लागते. लहानपणी ते काम ह्याचं असायचं.

"बाप अर्धाच हाय टेपमदी," तो म्हणायचा. "डावा हात यायचाय अजून. मी इतकी कणीक मळून दिली, ती कुटं गेली मग?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण तेच भजन भिंतीतून रोज ऐकायला लागल्यावर माणूस किती दिवस वाईट वाटून घेणार? एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, टेपमध्ये भरलाच गेला नाही, तो येईल कुठून?"

"भरलाय," तो म्हणाला. "आपल्या मशिनीला दिसली न्हाई म्हणून दुधात फॅट नसती का?"



मग दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं. निम्मी जनावरं चारा छावणीत गेली. उरलेल्यांचं दूध आटत चाललेलं, त्यामुळे थोड्या दुधाला फॅट तरी बरी लागावी म्हणून माणसं मशीनच्या काट्याकडे डोळे लावून उभी राहायची. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून मशीन बॅटरीवर चालायचं. एका सकाळी ते चालूच होईना. आदल्या संध्याकाळी टेस्टरने बॅटरी घरी नेऊन भजन ऐकलं होतं. रांगेतून एकजण ओरडला, "काय बे टेस्टर, दूध नासल्यावर फॅट काढणार का?" चेअरमन आले आणि सगळ्यांदेखत मला झापून गेले. मी सचिव ना!

रांग पांगल्यावर मी त्याला म्हणालो, "आजपासून कामापुरतं बोलायचं. बाकी माझ्याशी एक शब्द बोलू नका."

"कावून?" त्याने विचारलं. ते इतकं भाबडेपणाने विचारलं की माझं डोकं आणखीच तापलं.

अबोला धरला तो मीच. त्याला तो नीट जमायचाही नाही, मधूनच "थांबा" म्हणून हात वर करायचा आणि आठवण झाली की खाली घ्यायचा. त्याच दिवसांत एका दुपारी मी जेवत होतो. अचानक आमच्या फळीवरचे पितळी डबे खणखणायला लागले. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. पाठोपाठ भिंतीपलीकडून हाक आली.

"सेक्रेटरी! ओ सेक्रेटरी! या लवकर! आला, डावा हात आला!"

"जा की," बायको म्हणाली. "तीन पावलांवर तर घर हाय."

मी आणखी एक भाकरी वाढून घेतली. त्याने अजून दोन हाका मारल्या. डबे वाजतच होते.

दुसऱ्या दिवशी ती दोघं भाचीच्या लग्नाला घाटनांदूरला गेली आणि नेमका टँकर आला. आमच्या गल्लीत तेव्हा रीतच होती, ज्याच्या घराला कुलूप असेल त्याची भांडी शेजाऱ्याने भरायची. पुढचा टँकर कधी येईल ते कुणी सांगावं? भांडण होतं, तरी पाणी भरायचं की नाही असा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. त्याच्या ओसरीवर, आमच्या भिंतीला टेकून, एक मोठा रांजण होता. तोंडाला फडकं बांधलेलं. टँकरचं पाणी गढूळ यायचं, म्हणून सगळेच रांजणाला फडकं बांधायचे. मी त्यावर पाइप धरला. पाणी आधी वरच तुंबलं, मग एकदम गुडगुडत आत गेलं. रांजण काठोकाठ भरला. इतका राग असूनही आपण शेजारधर्म पाळला, ह्याचं मला फार कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी ती दोघं परतली. त्याने फडकं सोडलं, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि स्पीकर वर काढला. मंडपवाल्याचा मोठा, फाटका स्पीकर होता तो. खालचा आवाज यावा म्हणून ह्याने तो मलमल लावून, बाभळीच्या डिंकाने सांधून रांजणाच्या तोंडात बसवला होता. रांजण दारातून आत जाईना म्हणून ओसरीवरच ठेवला होता आणि धूळ बसू नये म्हणून वर फडकं बांधलं होतं. डिंक पार विरघळला होता. कागदाचा लगदा त्याच्या बोटांवरून खाली गळत होता.

"मीच भरलं पाणी," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं."

त्याची बायको लगेच म्हणाली, "बरं केलं भावजी. घरात घोटभर पाणी नव्हतं."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याने विचारलं, "परवा हाका मारल्या, तुमी आला न्हाईत. ऐकला तरी का?"

माझी मान वर होईना. "आमचे डबे वाजले," मी म्हणालो.

"डबे? कोन्ते? पितळी?"

"हो. फळीवरचे."

"लई वाजले?"

"लई."

त्याचा चेहरा असा उजळला की मला ते बघवेना. "मग तोच," तो म्हणाला. "उजव्या हातानं डबे न्हाई वाजत. बापच तो! बगा, मी एकटाच न्हाई ऐकला." आणि तो लगदा हातात घेऊन तो हसला.

नंतर त्याने दुसरा स्पीकर सांधून बसवला. मी रोज संध्याकाळी जाऊन शेजारी बसायचो, रांजणाला तळहात लावायचो. डावा हात पुन्हा आला नाही. "येईल," मी म्हणायचो. तो टेप बंद करायचा.

पुढच्या उन्हाळ्यात दूध नाही म्हणून सोसायटी बंद पडली आणि ती दोघं पुण्याला मुलाकडे निघून गेली. कॅसेट त्याने नेली, रांजण मला दिला. त्या दुपारी त्याने हाका मारल्या तेव्हा तीन पावलं होती, मी गेलो नाही. हे मला अजून सहन होत नाही.

उन्हाळ्यात टँकर गल्लीत वळला की आमच्या फळीवरचे डबे आधी वाजतात. मी हात वर करून बायकोला म्हणतो, "थांब."

"टँकर हाय तो," ती म्हणते. "घागरी घ्या."

टँकर आहे हे मलाही कळतं. तरी मी भिंतीला तळहात लावून थोडा वेळ उभा राहतो.