वैशालीच्या खेळातली बाई

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावात छापखान्यात एका पत्रकाची प्रुफं तपासत होतो. रडायला हवं होतं... मी कोरा कागद ओढला आणि श्रद्धांजलीचं पत्रक लिहायला घेतलं. वडिलांनी आयुष्यभर पत्रकं काढली, मी वाचायला शिकलो तेही त्यांवरच. आमच्या घरी दुःखसुद्धा छापून निघतं. 'लढाऊ कन्या', 'अन्यायावर उगारलेली मूठ' असं बरंच लिहिलं. निपाणीतल्या शोकसभेत ते वाटलं. वर माइकवरून जाहीर केलं की तिचा अर्धवट राहिलेला व्हिडिओ गेम आम्ही मित्र पूर्ण करू, आणि त्यातली बाई शेवटी उठून उभी राहील. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या... खाली उतरलो तर तिची आई, रत्नाआक्का, पत्रक हातात धरून उभी. शेजारणीनं वाचून दाखवलं होतं.

"कुणाचं लिवलंयस रं हे? आमची वैशी कवा कुणाशी भांडली?"

वैशाली आणि मी निपाणीत एकाच गल्लीतले. ती बेळगावात एका कंपनीत नोकरी करायची, आणि सुट्टीला घरी आली की स्वतःचा गेम बनवत बसायची. गेल्या उन्हाळ्यात तो तिनं आम्हा मित्रांना दाखवला. एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे. नवरा तिला सोडून लोंढा गावाला निघून जातो, कंत्राटदार तिच्या विड्या नापास करतो, घरात पाणी शिरतं, आणि ही बसलेलीच. खेळणाऱ्यानं फक्त एकेक पान तिच्यापुढं सरकवायचं. मग एका दुपारी नवरा दारात उभा राहतो. ती काही न बोलता थोडी सरकून जागा करते. गेम तिथवरच झाला होता.

मी तो सगळ्यांसमोर फाडून काढला. कथेला शेंडाबुडखा नाही, नायिका स्वतःहून काहीच करत नाही, अशी बाई दाखवणं म्हणजे मालकांची चाकरी. निदान नवरा परत का येतो ते तरी सांग, म्हणालो.

"आमचं आप्पा आईकडं असंच परत आलतं की रं," ती म्हणाली. "का म्हणून कुणी इचारलंच न्हाय."

"गोष्टीत कारण लागतं."

"मग तूच सांग. तेवढ्यासाठीच तर तुला दाखवलं."

पोरं हसली. मीही हसलो. आठवड्यानं मी तिला शेवट लिहून दिला... बाई सूप भिरकावते, मोर्चाच्या पुढं चालते. तिनं वाचला, "बघते" म्हणाली, आणि गेममध्ये घातला नाही. पुढं तिचं दुखणं सुरू झालं.

नवऱ्याचं परतणं मला आजही पटत नाही. टीकेची लाज वाटत नाही. लाज याची वाटते, की जिवंतपणी जे तिनं मोडीत काढलं, ते मी ती गेल्यावर, तिला नाही म्हणता येत नसताना, टाळ्यांवर मंजूर करून घेतलं.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. मित्रांनी माझा शेवट तयार करून दिला होता, तो पेन ड्राइव्ह खिशात. वैशालीचा कॉम्प्युटर पत्र्याच्या पेटीवर तसाच होता, सुरू. रत्नाआक्का त्याच्यासमोर सूप घेऊन विड्या वळत होती. पडद्यावरची बाईही सूप घेऊनच होती. पुढं पान सरकवणारं कुणी नव्हतं, म्हणून ती नुसतीच हात थांबवून बसलेली.

"उठवणार हाईस म्हणं तिला?" आक्कानं मान वर न करता विचारलं.

"व्हय... तसं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

मी खिशातला पेन ड्राइव्ह चाचपला.

"बसू दे की," ती म्हणाली. "वैशीनं बसवलीया तिला."

दारातच उभा होतो. कशाला आलास, असं तिनं विचारलं नाही. सूप मांडीवरून न उतरवता ती थोडी सरकली, आणि मी शेजारी बसलो.