काठीवरच्या दोन मुठी

पनवेलच्या खाडीला आमचं मिठागर होतं. उधाणाचं पाणी बांधाला किती लागलं ते मी काठीवर मोजायचो आणि वहीत लिहायचो. तीन मुठी, दोन बोटं, असं. काठीवर मुठीमुठीवर खाचा होत्या. शाळा चौथीपर्यंतच, पण वहीत खाडा नाही. काठी बापाची, हे गावभर छाती काढून सांगितलेलं.

मिठागर गेल्यावर मुलीने ती वही कॉलेजच्या शेवटच्या प्रोजेक्टला घेतली. खाडीचं पाणी चढतंय की उतरतंय, एवढंच तिला बघायचं होतं. कॉम्प्युटरवर ती फोर्ट्रान नावाच्या भाषेत लिहायची. दोन आकड्यांतला मोठा कुठला हे सांगायची सोय त्या भाषेत आधीपासून असते, तिला मॅक्स म्हणतात. पण त्या मॅक्सला साधे आकडेच कळतात.

"आबा, सगळं सेंटिमीटर करून टाकू?"

"माझ्या मुठींना हात लावायचा नाय."

"तुमी म्हणजे ना, खडक हाव खडक! मग सांगा, मोठं कसं ओळखायचं?"

"आधी मुठी बघ. त्या सारख्या असल्या तरच बोटं बघ."

तिने तसंच लिहिलं. नाव मॅक्सच ठेवलं. साधे आकडे दिले की जुनं चालायचं, मुठी-बोटं दिली की आमचं. दोन दिवस मी ताठ मानेने फिरलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना ती म्हणाली, "सगळी मोठी उधाणं जुन्या पानांवर हायत, आबा. पाणी उतरतंय. उद्या तसं लिहून देते."

मी हातातला घास ताटात ठेवला. पाणी उतरत नव्हतं, बांध मी दोनदा चढवला होता. पण मधेच बापाची काठी मोडली होती आणि नवीवर खाचा पाडल्या त्या माझ्या मुठीने. माझा हात मोठा, तेवढ्याच पाण्याला मुठी कमी भरत. हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"नको लिहू, बाय," म्हटलं, आणि सांगून टाकलं.

"एवढी वर्षं, आबा?" एवढंच ती बोलली.

बापाच्या काठीचा तुकडा मागच्या दाराला अडसर म्हणून होता. तो काढून दिला. तिने पट्टीने त्याच्या खाचा मोजल्या, मग माझी मूठ. मॅक्सच्याच नावाखाली आणखी एक लिहिलं: एक मूठ माझ्या बापाची आणि दुसरी माझी आली तर काय करायचं. आधीचं काही पुसलं नाही. आता पाणी चढताना दिसलं.

मग तिने वही माझ्यापुढे ठेवली. नवी काठी सुरू झाली त्या पानावर मी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'इथून माझी मूठ.'