समोरचा उमेदवार

माघारीच्या दिवशी उमेदवारानं नॉट रिचेबल व्हायचं असतं, ही आमच्या भागातली रीतच आहे. अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी तीनपर्यंत. सकाळपासून समोरच्या बाजूची माणसं घरी येऊन बसतात, व्याह्याला घेऊन येतात, साहेबांना फोन लावून तो आपल्या कानाशी धरतात, आणि भिडेखातर माणूस तहसील कचेरीत जाऊन सही करून येतो. म्हणून ज्याला खरोखरच उभं राहायचं असतं, तो फोन बंद करून कुठंतरी दडी मारतो. मग बातमी येते, अमके अमके नॉट रिचेबल. ती ऐकली की आम्ही म्हणायचो, गडी टिकणार.

गेल्या विधानसभेला मीही नॉट रिचेबल झालो.

मी काही पुढारी नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या मेंटेनन्स खात्यात उमर गेली. मशीन बंद पडलं की मला बोलवायचे, आणि चालू असलं तरी त्याचा आवाज ऐकून मला काहीतरी खटकत असायचं. तीच खोड घरीदारी लागली. बायको सगळ्यांना सांगते, यांनी स्वतःच्या लग्नात अक्षता कमी पडल्या म्हणून मामांशी भांडण काढलं. हे साफ खोटं आहे. भांडण मांडववाल्याशी झालं होतं.

असा माणूस आमदाराच्या गटात शोभला नसताच. मी कायम विरोधातला. आमचे नेते दर निवडणुकीला पडायचे, पण पडणारा का होईना, समोर कुणीतरी आहे म्हटल्यावर गावाला किंमत असते. कुणाच्या दहाव्याला एक पुढारी आला की पाठोपाठ दुसऱ्याची गाडी यायचीच. दोघंही घाटावर उभे राहून मयत माणसाबद्दल बोलायचे, आणि दुसरा पहिल्यापेक्षा जरा जास्त बोलायचा. एमआयडीसीकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्याला खड्डे पडले की यांचं निवेदन आधी जातं की त्यांची खडी आधी पडते, अशी शर्यत लागायची. त्या शर्यतीच्या जिवावर कंपनीची बस गावापर्यंत यायची.

मग एक दिवस आमचे नेतेच आमदारांच्या स्टेजवर जाऊन बसले. हार घातले गेले, फटाके वाजले. जाणाऱ्या गाड्यांमध्ये माझीही जागा धरली होती. मी गेलो नाही. का गेलो नाही, हे कुणी विचारलंही नाही.

आमच्या गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. पूर्वी त्यावर इतकी भांडणं चालायची की मी रात्रपाळीला जाताना फोनचा आवाज बंद करायचो. आता एकेक जण बाहेर पडायला लागला. हा गेला, तो गेला, असं स्क्रीनवर येत राहायचं. शेवटी ग्रुपवर मी एकटाच उरलो. तरी एका संध्याकाळी मी त्यावर लिहिलं, "उद्या बैठक घ्यायची का?" आणि कुणी उत्तर देईल म्हणून खुळ्यासारखा बघत बसलो.

पारावर गेलं की लोक सरकून जागा द्यायचे, पण विषय बदलायचे. पाऊस, बिबट्या, कांद्याचा भाव. माझ्याशी वाद घालायला कुणी तयार नव्हतं. आयुष्यभर वादाशिवाय मला काही येत नव्हतं, आणि आता वाद घालायला माणूस मिळेना. मला फार एकटं वाटायला लागलं. घरी मी मुकाट जेवायचो, मुकाट झोपायचो. आमदारांच्या माणसाची गाठ दहाव्याला पडायची. आमदार स्वतः यायचे बंद झाले होते, चिठ्ठीवरून श्रद्धांजली वाचून माणूस परत जायचा. रस्त्याला खड्डे पडले ते पडले. कंपनीची बस फाट्यावरच थांबायला लागली.

तेव्हा ठरवलं, कुणी उभं राहत नसेल तर आपण राहू.

अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक लागतात, म्हणजे अर्जावर सही करून हा आमचा उमेदवार असं म्हणणारी माणसं. मला वाटलं, इथंच गाडं अडणार. आमदारांच्या विरोधात उघड सही कोण देईल? पण झालं उलटंच. मी कुणाच्या दारात जायच्या आधी लोकच माझ्या ओट्यावर आले. "आप्पा, सही कुठं करायची?" एक आला, त्यानं दुसऱ्याला आणलं. त्यातले दोघं तर मागच्या वेळेपर्यंत माझ्याशी बोलतही नव्हते. त्यांना मी स्वतः चहा करून दिला. म्हटलं, गावाच्या पाठीत कणा आहे अजून. त्या रात्री जेवताना मी बायकोपुढं इतका बोललो की तिनं दोनदा भाजी गरम केली.

मग माघारीचा दिवस आला. पहाटेच मोटरसायकल काढली, बायकोला सांगितलं, कोण आलं तर माहीत नाही म्हण, आणि दौंडला धाकट्या बहिणीकडे गेलो. तिचा नवरा रेल्वेत ड्रायव्हर आहे, स्टेशनाजवळच्या कॉलनीत क्वार्टर आहे. दाजी गाडी घेऊन मनमाडला गेले होते. मी मोटरसायकल मागच्या अंगणात घेतली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि फोन बंद केला.

बहीण ताडपत्रीकडे बघत म्हणाली, "दादा, कोण येणार हाय एवढं?"

"येतील. तुला न्हाई कळायचं. तुझा फोन बी उचलू नको."

तिनं बिचारीनं फोन पालथा घालून ठेवला. भाकरी केली, मेथीची भाजी केली. बेल वाजली की मी ताट घेऊन बाथरूममध्ये जायचो. एकदा गॅसवाला आला, एकदा शेजारीण विरजण मागायला आली आणि बराच वेळ बसली. मी आत उभा राहून तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकत होतो. स्टेशनावरून गाड्यांच्या सूचना ऐकू येत होत्या. पुण्याची गाडी आली, गेली. मी मनात उत्तरं जुळवत होतो. आमदारांचा स्वतःचा फोन आला असता तर काय म्हणालो असतो, व्याही रडायला लागला असता तर काय म्हणालो असतो. व्याह्यासाठीचं उत्तर फार चांगलं जमलं होतं.

तीन वाजले. दगाफटका नको म्हणून आणखी थोडा वेळ थांबलो. मग फोन सुरू केला. फोन बंद असताना कुणी कुणी लावला होता याचे मेसेज येतात ना, त्यांची वाट बघत तो हातात धरून बसलो. एक मेसेज आला. रिचार्ज संपत आल्याचा.

बायकोला फोन लावला. "कोण कोण आलं होतं?"

"कुणी न्हाई."

"निदान सोसायटीचा चेअरमन?"

"न्हाई वो. कुणीच न्हाई."

बहिणीला सगळं कळलं. ती म्हणाली, "म्हंजी तुझा अर्ज ऱ्हायला न्हवं? मग चांगलंच झालं की, दादा." आणि माझ्याकडे न बघता ताडपत्रीची घडी घालायला गेली.

चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, गाणी मोठ्यानं लावलेली. मी स्वतःची समजूत घालत होतो. घाबरले असतील, आप्पा ऐकणारा नाही हे त्यांना माहीत आहे. पारगावचा पूल येईपर्यंत माझा त्यावर विश्वासही बसला होता.

गावच्या फाट्यावर चहाच्या टपरीपाशी सोसायटीचा चेअरमन बसलेला. आमदारांचा गावातला खास माणूस, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. मला बघून उठला, खुर्ची दिली.

"आप्पा, अभिनंदन. दिवसभर कुठं गायब?"

"होतो असाच. तुम्ही शोधत असाल म्हणून."

तो हसायला लागला. तसा माणूस वाईट नाही, हसण्यात खोटही नव्हती. "अवो, आमी कशाला शोधू? तुमचा अर्ज ऱ्हावा म्हणून आमी देव पाण्यात घातले हुते. बाकीच्यांनी माघार घेतली. तुमी बी घेतली असती तर साहेब बिनविरोध झाले असते."

"मग? बरंच की तुम्हाला."

"आमाला कसलं बरं? मतदानच न्हाई झालं तर आपल्या गावानं किती लीड दिलं हे साहेबांना कळायचं कसं? पुढं मला झेडपीला उभं ऱ्हायचंय, आप्पा. शेजारच्या गावापेक्षा आपलं लीड जास्त दिसाया पायजे. आन् लीड म्हटल्यावर समोर कोनतरी लागतंय का न्हाई?" मग त्यानं आवाज उतरवला, जणू माझ्यावरचे उपकार चारचौघांत सांगायचे नव्हते. "तुमचे सूचक मीच धाडले की. म्हटलं, आप्पाला पळापळ नको."

चहा आला होता. मी तो तसाच ठेवून उठलो. माघार घ्यावी असं त्या क्षणी फार मनात आलं. पण मुदत गेली होती, आणि ती जावी म्हणून मी दिवसभर बाथरूममध्ये उभा राहिलो होतो.

घरी आलो. बायको अंगणात मेथी निवडत होती. मी खांबाला टेकून बसलो आणि सगळं सांगितलं. ती निवडतच राहिली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "सह्या झाल्या त्याच दिशी बायका नळावर बोलत हुत्या."

मला संताप आला. साऱ्या गावाला माहीत, नळावरच्या बायकांना माहीत, आणि माझ्याच घरात मला कुणी सांगू नये? "मग बोलली का न्हाईस?"

"किती महिन्यांनी तुमी जेवताना बोलला," ती म्हणाली. "म्हटलं, ऱ्हाऊ दे."

मी उठून हातपाय धुवायला गेलो. त्या रात्री जेवताना मात्र दोघंही गप्प होतो.

मला बादली हे चिन्ह मिळालं. पत्रकं छापली, मोटरसायकलच्या हँडलला एक खरी बादली अडकवली आणि प्रचाराला निघालो. मतदानाच्या मशीनवर नाव तर येणारच होतं. नाव लागलंय आणि माणूस घरात बसलाय, हे मला बघवलं नसतं.

गावोगाव मी एकटाच फिरायचो. लोकांनी कुठं वाईट वागवलं असं नाही. उलट प्रत्येक घरात पाणी, चहा, बसा. आणि मी हात जोडायच्या आत, "आप्पा, सांगाया लागतंय व्हय? तुमालाच." वस्तीवर तुम्हालाच, बाजारात तुम्हालाच. आमदारांचा झेंडा लावलेल्या घरातही तुम्हालाच. रस्त्याचं मी तोंडपाठ करून गेलो होतो, पण कुणी ऐकायला थांबायचं नाही. एमआयडीसीच्या गेटवर एक यूपीचा पोरगा तेवढा म्हणाला, "चाचा, मेरा वोट तो गाँव में है," आणि पत्रक परत दिलं. साऱ्या प्रचारात मला त्याचंच बोलणं खरं वाटलं. बाकी सगळ्या हो-होनं मी इतका दमून जायचो की संध्याकाळी गाडी स्टँडवर लावायचं त्राण उरायचं नाही. एवढ्या माणसांत फिरूनही मी पारावर जितका एकटा होतो तितकाच एकटा होतो.

प्रचार संपायच्या दिवशी दुपारीच घरी परतलो. थैलीत थोडी पत्रकं उरली होती. दार उघडं होतं. बायको आत काहीतरी दळत होती, मिक्सरचा आवाज येत होता. मी चपला काढणार होतो, पण काढल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. मिक्सर थांबल्यावर कडी वाजवली.

ती हात पुसत आली. "काय झालं? आत या की."

मी हात जोडले. "नमस्कार. मी या निवडणुकीला उभा हाय. चिन्ह बादली. मतदान करा, ही विनंती."

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. पत्रक माझ्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि दारातच उभं राहून वाचलं. उलटून मागची बाजूही वाचली.

"निवडून आला तर काय करनार?"

साऱ्या मतदारसंघात हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. मी रस्त्याचं सांगितलं, बसचं सांगितलं. घाईघाईत थोडं चुकलं, ते पुन्हा सांगितलं. ती मध्ये न बोलता ऐकत होती.

"आन् न्हाई आला तर?" ती म्हणाली. "परत मुक्यानं जेवनार?"

हे पत्रकात कुठं छापलेलं नव्हतं. तिनं पत्रकाची घडी घालून कमरेला खोचली.

"विचार करते," असं म्हणून ती आत गेली, आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

मी हात जोडून तसाच दारात उभा होतो. इतकी घरं फिरलो, पण आपल्याला मत मिळेल की नाही, याची धाकधूक मला तिथं पहिल्यांदा वाटली.