पॉलिहाऊसमधली तात्पुरती ओळ

माझा प्रोग्राम माझ्याशिवाय कुणालाही कळत नाही, हे मी बरीच वर्षं स्वतःचं कौतुक म्हणून सांगत आलो. लोक मुलांच्या मार्कांबद्दल बोलतात तसा मी माझ्या कोडबद्दल बोलायचो. तळेगावात स्टेशनजवळ एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली दिवसभर खारी भाजली जाते आणि वर आम्ही सहा जण गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअर करून देतो. मी त्यातला सगळ्यात जुना. त्यामुळे कुठं काही अडलं की सगळे माझ्या टेबलाशी यायचे, आणि मी चष्मा कपाळावर चढवून म्हणायचो, "थांबा, बघतो." अहो, त्या दोन शब्दांत काय सुख होतं म्हणून सांगू!

पवनानगरच्या बाजूला गुलाबांची पॉलिहाऊसं आहेत, त्यांतलं एक आमचं गिऱ्हाईक. तिथं कामाचा क्रम ठरलेला. बायका सकाळी आणि दुपारी अशी दोनदा फुलं काढतात. सकाळची काढणी झाली की ज्या हाऊसला गरज असेल तिथं औषध मारतात. औषध मारलं की बारा तास आत कुणी पाऊल टाकायचं नाही. ते बारा तास भरले की मुकादम बाईच्या मोबाईलवर निरोप जातो, "हाऊस पाच उघडलं." बायका आत जातात, फुलं पॅकहाऊसमध्ये येतात, लांबीप्रमाणे निवडली जातात आणि थंड खोलीत जातात. हा सगळा क्रम, निरोपांसकट, माझा प्रोग्राम चालवायचा. साडेतीन हजार ओळींचा. त्यात मी काय काय केलं होतं ते विचारू नका. वीज गेली तर काय, मोटार बंद पडली तर काय, मोबाईलला रेंज नसेल तर काय. एका अटीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. स्वतःच लिहिलेलं परत वाचताना मलाही चहा लागायचा.

त्यातली एक करामत तर मला फारच आवडायची. निरोप आल्यावर मुकादम बाईनं पंधरा मिनिटांत "आत गेलो" असं बटण दाबायचं. नाही दाबलं तर सिस्टीम "नकार" अशी नोंद करायची. एका सीझनमध्ये तीन नकार झाले की पॉलिहाऊसच्या मॅनेजरला आपोआप पत्र जायचं की मुकादम बदला. शिस्त म्हणजे शिस्त! ऑफिसात बसून दुसऱ्याला शिस्त लावण्यासारखं सोपं काम जगात नाही.

तिथली मुकादम म्हणजे एक मावशी. पहिलं पॉलिहाऊस उभं राहिलं तेव्हापासूनची. हाताखाली बारा बायका. या सीझनमध्ये मावशीचे तीन नकार झाले. मी तिला फोन केला, जरा वरच्या पट्टीतच. म्हटलं, "मावशी, निरोप आला तरी आत का जात नाही?"

"वास येतोय, भाऊ."

"कसला वास?"

"औशदाचा. दारात हुबी ऱ्हायले तरी डोळं चुरचुरत्यात. वास जात न्हाई तवर मी बायका आत घालनार न्हाई."

"अहो, बारा तास होऊन गेल्याशिवाय निरोपच येत नाही!"

"तुमचं बारा तास तुमाला म्हाईत. माजं नाक माज्यापाशी हाय."

फोन ठेवून मी मॅनेजरला सांगितलं की सिस्टीम खोटं बोलत नाही. वर आणखी शहाणपणा केला, म्हटलं, "माणसं काम टाळायला काहीही कारणं काढतात." सोमवारी मावशीचा निकाल लावायचा ठरला. मुकादमकी तर जाणारच होती, पण मॅनेजरचा सूर असा होता की मावशीला शेतावरच ठेवायचं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात दुसरं प्रकरण चाललं होतं. फुलं घेणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांना कामाचा क्रम लिखित हवा होता, कुणालाही वाचता येईल असा. माझ्या साडेतीन हजार ओळी त्यांना पाठवायची कुणाची छाती होईना. म्हणून आमच्या मालकांनी एका बाईंना नोकरीवर घेतलं. तळेगावच्याच. दहा वर्षं पुण्यात काम केलेल्या, माझ्याहून लहान, पण बोलायला पक्क्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हे सगळं डिक्लरेटिव्ह करायचं.

"म्हणजे?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण विचारण्यात मजा असते.

"म्हणजे सर, कसं करायचं ते पायरीपायरीनं सांगत बसायचं नाही. काय व्हायला हवं आणि त्याआधी काय झालेलं असायला हवं, एवढंच मांडायचं. औषध मारलं असेल तर काढणीच्या आधी हाऊस रिकामं राहिलेलं हवं, बारा तास. बस. क्रम आतलं इंजिन, म्हणजे यादी चालवणारा प्रोग्राम, लावून घेईल."

"अस्सं! म्हणजे कामशेतला जीपमध्ये बसायचं आणि नुसतं 'पवनानगर' म्हणायचं?"

"हो, अगदी तसंच. वळणं जीपवाला बघेल."

"आणि गाडी भरेपर्यंत तो हलत नाही, हे तुमच्या यादीत कुठं लिहिणार?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "हलायच्या आधी गाडी भरलेली हवी, अशी एक ओळ लिहीन. निदान बसणाऱ्याला आधी कळेल तरी." मला तोंडात मारल्यासारखं झालं, पण दाखवलं नाही. दोन दिवस मी त्यांना सतावत राहिलो. रेंज गेली तर तुमची यादी काय करणार? मोटार तीनदा चालू करून बघायची असेल तर? यादीत अट, अटीत अट असं होऊन शेवटी माझ्याच कोडसारखा गुंता होणार, फक्त नाव मोठं! आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्यही होतं. रेंजचं प्रकरण यादीत काही केल्या बसेना. त्यांनी सरळ कबूल केलं की तेवढा तुकडा कोडमध्येच राहू दे, तिथं कोडच बरा. मी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा खाकरलो.

शनिवारी दुपारी त्या लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, एक ओळ कळत नाहीये. यादीत प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. याला काय नाव देऊ?"

मी चष्मा कपाळावर चढवला. "थांबा, बघतो."

बघितलं. ओळ माझीच होती. तिचा अर्थ साधा होता: त्या दिवशीच्या ऑर्डरी ठरावीक आकड्याच्या वर असतील तर थांबायचा वेळ निम्मा करा. बारा भागिले दोन. शेजारी मीच शेरा मारून ठेवला होता, "तात्पुरतं. सीझन संपला की काढणे."

मग सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या तोंडावर, जगातल्या तमाम प्रेमिकांना एकाच दिवशी गुलाब लागतात तेव्हा, मॅनेजरचा फोन आला होता. सकाळी आठला औषध मारलं की त्या हाऊसची दुपारची काढणी बुडते, माल कमी पडतोय, एवढ्या आठवड्यापुरतं काहीतरी करा. मी दोन मिनिटांत केलं. औषध मारणारा एक असतो आणि त्या औषधात फुलं काढायला जाणाऱ्या दुसऱ्याच असतात, हे माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी मी केलं असतं बहुतेक, कारण मॅनेजर म्हणाला होता, "तुमच्यासारखा माणूस नाही साहेब." सीझन संपला. ओळ काढायची राहिली. तारखेची अट मी घातलीच नव्हती. त्यामुळे पुढची चार वर्षं, ऑर्डरी जास्त असतील त्या प्रत्येक दिवशी, सकाळी आठला औषध आणि दुपारी दोनला निरोप. "हाऊस पाच उघडलं."

घाबरलो, लाजही वाटली. आणि मग मी जे केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही. मी म्हणालो, "काही नाही, जुनं काहीतरी आहे. बारा लिहा आणि पुढं चला."

बाईंनी बारा लिहिलं. नव्या यादीत सगळं कसं स्वच्छ! माझ्या कोडमध्ये ती ओळ चार वर्षं सुखानं नांदली होती, आणि यादीत तिला नावसुद्धा मिळेना. काय नाव देणार? "गिऱ्हाइकाची घाई"? डिक्लरेटिव्हचा हा मोठाच दोष म्हणायचा, लपायला जागाच ठेवत नाही. मी मनाशी म्हटलं, चला, सुटलो.

बाई मात्र हलल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मग त्या मावशींचे तीन नकार? मी नोंदी काढून बघितल्या. तिन्ही निरोप दुपारी दोनचे आहेत."

मी कपाळावरचा चष्मा काढून पुसत बसलो. त्या लॅपटॉप मिटून जागेवर गेल्या. मला वाटतं, त्यांनी मला रविवारचा एक दिवस दिला. तो मी घरात सगळ्यांवर चिडचिड करण्यात घालवला.

सोमवारी आम्ही दोघं पॅकहाऊसमध्ये गेलो. बाईंनी यादी मराठीत छापून आणली होती, मोठ्या अक्षरात, आणि निवडणीच्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवली. व्यापाऱ्याला दाखवायची तशीच कामवाल्यांनाही दिसायला हवी, असं त्यांचं म्हणणं. काढणी आटपून बायका आल्या होत्या. मॅनेजर खुर्चीत बसला होता, हातात सिस्टीमचं पत्र. मावशी भिंतीसमोर उभी राहिली आणि यादीवर बोट फिरवत सावकाश वाचायला लागली. माझ्या साडेतीन हजार ओळी कुणी असं बोट लावून वाचल्या नव्हत्या.

एका ओळीवर बोट थांबलं.

"औशद मारल्यावर बारा तास हाऊस बंद," ती म्हणाली. "व्हय ना? मंग त्या दिशी आठाला औशद मारलं आन् दोनाला निरोप आला, त्यो कसा?"

मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं. चार वर्षांपूर्वीचा फोन त्याला आठवत होता की नाही, देव जाणे. चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. तो म्हणाला, "काहीतरी सिस्टीमचा घोळ झाला असेल. काय हो साहेब?"

किती सोयीचा शब्द होता! सिस्टीम. इतकी वर्षं मीच तो लोकांच्या अंगावर फेकत आलो होतो. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. शेजारी बाई उभ्या होत्या, पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, यादीकडं बघत होत्या.

"घोळ नाही," मी म्हणालो. "मी लिहिलं होतं तसं. ऑर्डरी जास्त असल्या की सहाच तास. चार वर्षांपूर्वी एका आठवड्यासाठी लिहिलं आणि काढायचं राहिलं. चूक माझी आहे, मावशी. तुमचं नाक बरोबर होतं."

मॅनेजरनं पत्राची घडी घातली, खिशात टाकली आणि घसा साफ करून म्हणाला, "बरं बरं. मग मावशींचा काही प्रश्नच नाही. त्या आहेत तिथंच राहतील." मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच उदार झालो. म्हटलं, "मावशी, ते तीन नकार मी आत्ताच्या आत्ता पुसून टाकतो. तुमच्या नावावर काहीही राहणार नाही."

मावशी अजून भिंतीकडंच बघत होती. तिनं मागं उभ्या असलेल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली.

"पुसू नगा, भाऊ," ती म्हणाली. "चार वर्सांत तीनच येळा म्या न्हाई म्हनले. बाकीच्या समद्या येळंला ह्यांना आत घेऊन गेलते."