एकतिसावी तलवार

माणसानं किती हुशार असावं, याला काही हद्द असते की नाही? मी ती एकदा ओलांडली होती. भर दुपारी, अख्ख्या गावासमोर. चहा घ्या, सांगतो.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची असेल. करडीच्या बाजूला एका गावात मी चित्रकलेचा मास्तर होतो. धानाची मळणी आटोपली की त्या गावात एक खेळ व्हायचा. गडाची लढाई! नाटक नाही बरं का. नाटकात कोण जिंकणार ते आधीच लिहिलेलं असतं. इथं काहीच लिहिलेलं नसे. तलावाची पार, म्हणजे उंच मातीचा बांध, हा गड; पारीवर निशाण. अर्धं गाव गड राखणार, अर्धं गाव चढून येणार. घरच्या लुगड्यांचे फेटे, पोत्यांची चिलखतं, आणि खाली रिकाम्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या मोकळ्या वाफ्यांत, धुमश्चक्री. वर्षभर चिखलात वाकलेला माणूस त्या एका दिवशी सरदार व्हायचा. काय ताठ चालायचे एकेक!

फक्त हत्यारं बांबूची. आदल्या वर्षी चढाईचे सरदार शामराव यांचं डोकं फुटलं, चार टाके पडले. पाटलांनी हात झटकले.

"बस झालं. आता लढाई बंद."

सगळ्यांची तोंडं अशी उतरली की मला राहवेना. उठलो आणि म्हणालो, "पाटील, हत्यारं मी बनवतो. डोक्यात हाणली तरी पिसासारखी लागतील."

"आन् कोनाचं डोकं फुटलं त?"

"तर माझं फोडा!"

बोललो खरा. आता बनवायची कशी?

अंबाडीची साल काढली की आतली सनकाडी उरते ना? हलकी, पोकळ, चुलीत घालायची. तिच्या जुड्या बांधल्या. वर जुन्या गादीचा कापूस, त्यावर धोतराच्या चिंध्या, तांदळाच्या पिठाची खळ, आणि सगळ्यावर चांदीचा कागद. वाळलेल्या तुंब्यांच्या गदा केल्या, सुपांना रंग देऊन ढाली. दीड महिना घरात चालायला जागा नव्हती. सौभाग्यवती सुमन खळ शिजवून शिजवून म्हणायची, "एवढ्या पिठाच्या भाकरी झाल्या असत्या, अख्ख्या पलटणीच्या!"

नियमही मीच केले. मानेच्या वर वार नाही. आणि तलवार लागली की माणूस मेला. मेला म्हणजे जागेवर झोपायचं, शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही.

हा शेवटचा नियम ध्यानात ठेवा. माझं वाटोळं त्यानंच केलं.

तलवारीचा आकार बरोबर यावा म्हणून मी पाटलांची दसऱ्याला पुजायची खरी तलवार नमुना म्हणून आणली होती. पार गंजलेली. म्हटलं, परत देताना जरा चमकवून देऊ. म्हणून मी काय केलं असेल? तिलाही तोच चांदीचा कागद चिकटवला! आणि वाळायला ठेवली कुठं? माझ्या तीस तलवारींच्या शेजारी. सांगा, याला हुशारी म्हणायचं की आणखी काही?

लढाईच्या दिवशी सकाळी तलवारींचा भारा बांधला, पारीजवळ नेला आणि धडाधड वाटल्या. मोजतो कोण? मग आठवलं, पाटलांची तलवार परत करायची आहे. घरी आलो. कोपऱ्यात पाहिलं. तलवार नाही! पलंगाखाली नाही. माळ्यावर नाही. सुमन केव्हाच शेजारणींबरोबर लढाई पाहायला गेलेली.

बोटांवर हिशेब केला: माझ्या तीस, पाटलांची एक. एकतीस तलवारी वाटल्या मी! त्यातली एक खरी!

तिकडून आरोळी ऐकू आली. लढाई सुरू झाली होती.

धावलो. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. बांध्यांत उतरलो आणि ओरडलो, "थांबा! थांबा! खरी तलवार आहे!"

कोण थांबतो? शामरावच पुढे आले. फेटा बांधलेले, मिश्या रंगवलेले. माझ्याच हातच्या मिश्या त्या! त्यांनी माझ्या पाठीवर तलवार टेकवली.

"गुरुजी मेले!"

"अहो, मेलो नाही! ऐका तर!"

"झोपा ना गुरुजी. नियम तुमीच बनवला, आन् आता तुमीच मोडून राहिले?"

दोघांनी धरून मला धानाच्या खुंटांवर झोपवलं. मी पडल्या पडल्या बोंब मारतोय, "खरी आहे हो! एखादा मरेल!"

"पाहा बाप्पा," कोणीतरी म्हणालं, "मुर्दा बोलून राहिला!"

पारीवरच्या बाया हसून लोटपोट. पाटील खुर्चीतून टाळ्या वाजवतायत. "वा गुरुजी! काय ॲक्टिंग करून राहिले!"

मग मी नियम-बियम सोडला आणि उठलो. पहिली तलवार हिसकावली, गुडघ्यावर आपटली. कट्! सनकाडी. खोटी. दुसरी. कट्! तिसरी. कट्! तुम्ही म्हणाल, हातात घेऊन वजन पाहायचं होतं. अहो, एवढं सुचायला डोकं जागेवर लागतं!

लोकांना वाटलं, हा लढाईतला नवा डाव. गड राखणारे ओरडायला लागले, "मुर्दा पिसाळला, पळा!" चढाई करणारे माझ्यापासून पळाले, मग गडावरचेही पळाले. आणि मी सगळ्यांच्या मागे. दीड महिन्याचं माझं काम मी एकेक करून मोडत होतो. तीस मोडल्या. एक उरली, गडाच्या सरदाराची. ती आपटली. मोडेना! पुन्हा आपटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"सापडली!" मी ओरडलो. "हीच पाटलांची!"

सरदार बिचारा हात जोडून म्हणाला, "गुरुजी, मले तुमीच देली न काल. आतमधी कमची टाकून, जादाची एक. इसरले का?"

बांबूची कमची! हो की. मीच टाकली होती, सरदाराची तलवार जरा दणकट हवी म्हणून. तीस अधिक ही एक. मग खरी कुठाय?

तेवढ्यात सुमन धापा टाकत आली. "अहो, काय झालं? काहून मोडून राहिले सगळं?"

"पाटलांची तलवार! यांच्यात मिसळली!"

"ते त मी सकाळीच पाटलीणबाईच्या हाती नेऊन देली. तुमाले सांगतलं नाही का? तुमी मिश्या रंगवून राहिले होते, हो हो म्हनले!"

शिवारभर असा हशा उठला की तलावातले बगळे उडाले. मी मात्र खाली बसलो. माझ्याभोवती तीस तलवारींचा कचरा.

पाटील पारीवरून खाली उतरले. म्हटलं, आता लढाई गेली कायमची. ते शामरावांचं डोकं चाचपून म्हणाले, "याचं डोकं शाबूत हाय. कोनालेच लागलं नाही. पुढच्या साली लढाई होईन!" मग माझ्याकडे वळले. "सनकाड्या आमच्या घरून न्या गुरुजी. पन मोजून वाटा!"

कोणालाच लागलं नाही म्हणाले. मी मान हलवली, उठायला गेलो, तर गुडघा उचलेना. टम्म फुगला होता. बैलगाडीत घालून मला करडीच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं पाय पाहिला.

"कशानं लागलं?"

आता खोटं कशाला बोलू? म्हणालो, "तलवारीनं."

त्याचा चेहरा पांढराफटक. "बापरे! पोलीस केस हाय ही. कोनं मारलं?"

"मीच."

"आन् तलवार कुठून आनली?"

"तीही मीच बनवली," मी म्हणालो. "एकदम सुरक्षित आहे हो. कोणालाही लागत नाही."